कवळीचं कर्ज

आमच्या कारखान्यात भिंगरी नावाची मुलगी आहे. खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येतं. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. गाड्यांच्या सीट, सोफे, दवाखान्यातली बाकं, जे फाटेल ते आमच्याकडे येतं. मी रेक्झिन आणि फोम कापतो, भिंगरी शिवते. तिचं मशीन सुरू झालं की माझ्या टेबलावरचा चहा थरथरतो. मला लिहायची सवय नाही, आणि कापतो तितकं सरळ लिहिता येईल असंही वाटत नाही. पण तिची गोष्ट कुणीतरी लिहून ठेवावी असं मनात होतं, आणि दुसरं कुणी लिहीना.

भिंगरीच्या घरी ती आणि तिची आई, दोघीच. आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. तिचे वरचे दात एकेक करून गेले, तेव्हापासून हसू आलं की ती तोंडावर हात धरायची.

"एक दिवस हात चुकेल आणि इस्त्री तोंडाला लावशील," भिंगरी म्हणायची.

आईला कवळी करायची तर पैसे एकदम हवे होते, आणि भिंगरीचा पगार निम्मा महिना सरला की धापा टाकायला लागायचा.

कोपऱ्यावर एक दुकान आहे. ते पगाराआधी उचल देतं आणि पगार झाला की चार्ज लावून परत घेतं. काचेमागे बसणाऱ्या तरुणाला आम्ही गोडबोल्या म्हणतो. त्याच्यापुढे चिकट टॉफ्यांचा वाडगा असतो. "घ्या ना ताई, तोंड गोड करा," असं म्हणत तो सही घेतो. भिंगरीने सही केली आणि घरी सांगितलं, "बाईंनी बोनस दिला." बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई.

पगार झाला, उचल फेडली, उरलेलं भाड्यात गेलं. मग महिना काढायचा कशावर? पुन्हा कोपऱ्यावर जाणं आलं. पुढे पुढे सगळं फेडणंही जमेना. मग नुसता चार्ज भरायचा आणि मूळ रक्कम पुढच्या पगारावर ढकलायची. भिंगरी दर महिन्याला पैसे भरत होती आणि कर्ज होतं तिथेच पाय पसरून बसलं होतं.

तिने डबा आणणं बंद केलं. विचारलं तर "भूक नाही" म्हणायची. भूक नसलेलं माणूस दुसऱ्याच्या डब्याकडे इतक्या मायेने बघत नाही. मी अर्धा डबा पुढे सरकवायचो आणि ती "नको नको" म्हणत तो चाटूनपुसून संपवायची.

इकडे आईची कवळी बसली. ती घालून नीट बोलायला जमल्यावर आई एका दुपारी थेट कारखान्यात आली आणि बाईंसमोर उभी राहून सगळे नवे दात दाखवत हसली.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्या बोनसमुळे मला दात आले."

"बोनस?" बाई म्हणाल्या. "अहो, मी अजून स्वतःला बोनस दिलेला नाही."

भिंगरीचं मशीन थांबलं नाही, तिथेच घोळ झाला. ती दवाखान्याच्या बाकाच्या कव्हरला कडेने पट्टी शिवत होती. पट्टी कड सोडून मधोमध धावत पार पलीकडे गेली.

बाईंनी कव्हर उचलून धरलं. "भिंगरे, बाकाला भांग पाडलास?"

मग भिंगरीने खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. आईने ऐकता ऐकता सवयीने तोंडावर हात धरला.

"म्हणजे माझ्या तोंडात कर्ज घालून मला गावभर मिरवलंस?"

"आता या वेळी थोडी जास्त उचल घेते, आई. म्हणजे जुनं मिटेल."

"ठिगळावर ठिगळ," बाई म्हणाल्या. "इथे कुणी असं काम केलं तर मी काय करते गं?"

"हाकलून देता."

"त्याच्या आधी?"

"उसवायला लावता. पार लाकडापर्यंत."

"मग उसव. एवढी रक्कम द्यायला माझ्याकडे नाही. पण तुझा पगार आठवड्याला करते. महिनाअखेरीची वाट बघायला नको. आणि स्कूटरच्या सीटचं जादा काम आलंय, ते तू घे."

आता गोडबोल्या मूळ रक्कम हप्त्याने घेईल का, एवढाच प्रश्न होता. नाही म्हणाला असता तर चार्ज भरता भरताच भिंगरीचे दात पडले असते.

शनिवारी मायलेकी दुकानात गेल्या. बाईंनी मलाही सोबत धाडलं. मी काही बोलेन म्हणून नव्हे, उंच आहे म्हणून.

"हप्त्यांची पद्धत नाही हो ताई," गोडबोल्या म्हणाला. "चार्ज भरा आणि निवांत व्हा. टॉफी घ्या ना."

"मला चार्ज भरायचा नाही." भिंगरी जागची हलली नाही. "मूळ रक्कम फेडायची आहे. दर शनिवारी थोडी थोडी."

"सिस्टीम घेत नाही ना ताई."

आई पुढे झाली. "तुमचं कर्ज माझ्या दातांवर आहे ना?" असं म्हणून तिने कवळी काढली, रुमालाने स्वच्छ पुसली आणि काउंटरवर, टॉफ्यांच्या शेजारी, त्याच्याकडे तोंड करून ठेवली. मग बसक्या तोंडाने म्हणाली, "घ्या परत."

मागच्या रांगेत आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग एक माणूस आपले कागद खिशात घालत म्हणाला, "अरे बापरे, हे दातही काढून घेतात!" आणि बाहेर पडला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले.

"मावशी, ते उचला. प्लीज उचला," गोडबोल्या म्हणाला.

मावशी बाकावर जाऊन बसली. बाकाची स्प्रिंग वर आली होती, ते मात्र माझ्या नजरेतून सुटलं नाही. आतून साहेब आले. त्यांनी काउंटरवरचे दात पाहिले, मग पातळ झालेली रांग पाहिली, आणि सिस्टीम हप्ते घ्यायला लागली. नवा चार्ज नाही, तेही लिहून मिळालं. भिंगरीने कागद दोनदा वाचला, मला वाचायला लावला, आणि मगच आईने कवळी उचलली.

पुढचे महिने सोपे नव्हते. भिंगरीची चप्पल तुटली तेव्हा तिने ती सीटच्या दोऱ्याने मशीनवर शिवली. ती आता गाडीपेक्षा जास्त टिकेल. घरातला पंखा बंद पडला त्या दिवशी मात्र ती दुकानासमोर येऊन उभी राहिली. काचेआडून गोडबोल्याने हसून वाडगा उचलून दाखवला. ती तशीच वळली, कारखान्यात आली आणि स्कूटरच्या सीट शिवायला बसली. आईने पुठ्ठ्याने वारा घेत उन्हाळा काढला.

शेवटच्या हप्त्याला आई पुन्हा सोबत होती. तिला पाहताच गोडबोल्याने वाडगा काउंटरखाली सरकवला.

"मावशी, आज दात तोंडातच राहू द्या हं."

"ते आता माझेच आहेत. काढा तो वाडगा."

मूठभर टॉफ्या घेऊन ती कारखान्यात आली, सगळ्यांना वाटल्या आणि एक स्वतः चावली. कवळी अशी चिकटली की बराच वेळ तिला तोंड उघडता येईना. बाई म्हणाल्या, "चला, इथे जरा शांतता तरी झाली." भिंगरी इतकी हसली की तिच्या हातातली दोऱ्याची बॉबिन घरंगळत माझ्या टेबलाखाली गेली.

माझाही पुढचा एक दात हलतोय. कवळी करावी म्हणतो, असं मी सहज बोललो, तर भिंगरीने बॉबिनचा जुना डबा धुऊन माझ्यापुढे ठेवला. दर शनिवारी ती तो घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहते.

"काका, आधी पैसे. मग दात."

डबा अजून निम्माही भरलेला नाही. वाट्याला आलेली टॉफी मी तोवर जपून ठेवली आहे.