पट्टीने आखलेली बादली

माझा नवरा ड्राफ्ट्समन आहे. पट्टी हातात असली की त्याला जगातलं सगळं मोजता येतं असं वाटतं. बिअर करायच्या बादलीवर त्याने लिटरच्या खुणा केल्या त्याही पट्टीनेच. वीस लिटरची बादली, म्हणून तळापासून काठापर्यंत वीस सारखे भाग, काळ्या मार्करने, छापल्यासारखे सुबक. बादली तळाशी निमुळती आणि वर रुंद आहे, तेव्हा खालच्या भागात लिटरभर मावणारच नाही, हे या माणसाच्या डोक्यात आलं नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर पातळ पदार्थच मोजते. मला विचारलं असतं तर लिटर-लिटर पाणी ओतून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून खुणा करून दिल्या असत्या. पण त्या उद्योगात तो मला काही विचारतच नसे.

बहारीनमध्ये आम्हा बिगर-मुस्लिमांना बिअर दुकानातून आणता येते. घरी करणं वेगळं. पकडलं तर व्हिसा खलास. "आणून पी की," मी म्हणायचे. त्यावर, स्वतः केलेल्याची मजा वेगळी, असं उत्तर यायचं. मोड आणून भाजलेले सातू उकळणं, यीस्ट घालणं, आठवडे वाट बघणं, सगळं तो जीव ओतून करायचा. रागवावं की हसावं कळायचं नाही.

मग नागपूरहून बाबा राहायला आले आणि हसणं संपलं.

आम्ही बौद्ध. रोज संध्याकाळी वंदना होते, त्यात पाच शीलं. चौथं खोटं न बोलण्याचं, पाचवं नशा न करण्याचं. बाबांचा धाकटा भाऊ दारूने गेला. त्यानंतर बाबांनी वस्तीतल्या हातभट्टीची मडकी स्वतःच्या हाताने फोडली आणि घरोघर बसून लोकांकडून पाचवं शील म्हणवून घेतलं. "माझी लेक परदेशात गेली, पण घरात थेंब नाही," हे ते गावभर अभिमानाने सांगत. त्यांचा हा अभिमान मोडू नये, एवढंच मला हवं होतं.

आणि भरलेल्या बाटल्या होत्या त्यांच्याच खोलीतल्या कपाटात. सनद भागातल्या आमच्या फ्लॅटमधली ती सगळ्यांत थंड खोली. पण बाबांना एसी सोसत नाही. आल्याआल्या त्यांनी तो बंद करून टाकला.

शुक्रवारी सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "पहाटे कपाटात काही फुटलं वाटते, बाई. काचेचं काही ठेवलं काय?"

"जुनी बरणी असेल, बाबा. बघते मी."

ते आंघोळीला गेल्यावर कपाट उघडलं. एक बाटली फुटली होती, खालची गोधडी भिजली होती आणि काचेचा एक लांबट तुकडा कपाटाच्या दारात रुतला होता. दाराच्या पलीकडे हातभर अंतरावर बाबांची उशी.

"साखर किती घातली होतीस?" मी नवऱ्याला विचारलं. बाटलीत भरण्याआधी थोडी साखर घालतात, तिचाच आत गॅस होतो. साखर जास्त तर गॅस जास्त.

"पंधरा लिटरची. बादली पंधराच्या रेघेपर्यंत भरली होती."

मी बादली काढली आणि मापाच्या जगने पाणी ओतत गेले. तेरावा लिटर ओतला आणि पाणी पंधराच्या रेघेला टेकलं. शिवाय तळाचा गाळ त्याने बाटल्यांत घेतलाच नव्हता. म्हणजे पंधरा लिटरची साखर जेमतेम अकरा लिटरांत, आणि वर बंद एसीचा उकाडा. तो रेघांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा इतका पडला की मला ओरडताही येईना.

बाबा एकटे बाहेर पडत नाहीत. म्हणून त्यांना घेऊन तो बुसैतीनला मित्राकडे गेला. दुपारपर्यंत यायचं नाही, असं मी बजावलं. मग त्याचा साइटवरचा चष्मा लावला, हातमोजे चढवले आणि एकेक बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून सिंकमध्ये उघडायला लागले. झाकण सैल करताच फेस सुसाट वर यायचा. प्रत्येक बाटलीला मी श्वास रोखायचे. कपाळावरचा घाम चष्म्यात उतरत होता. शेवटच्या दोन राहिल्या आणि दारात किल्ली फिरली.

मित्र घरी नव्हता. बाबांना ऊन लागलं होतं.

चष्मा मी ओढून काढला आणि टॉवेल उरलेल्या बाटल्यांवर टाकला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात थांबले. "कायचा वास येऊन राहिला?"

"इडलीचं पीठ उतू गेलं, बाबा."

लॅबचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं मी ते ठामपणे सांगितलं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चष्म्याचे वळ उमटले होते की काय कोण जाणे.

"असं काय. मंग उद्या इडल्या खाऊ."

उरलेल्या दोन्ही बाटल्या मी दुपारी ते झोपल्यावर मोकळ्या केल्या. वाटलं, सुटलो. आता फक्त इडल्या करायच्या. घाईघाईने तांदूळ आणि उडदाची डाळ भिजत घातली. थोड्या वेळाने बाबा पाणी प्यायला आले. ओट्यावरच्या पातेल्यावरचं झाकण त्यांनी सरकवलं, नुकतीच भिजायला लागलेली डाळ बोटाने दाबून पाहिली आणि झाकण होतं तसं ठेवलं.

संध्याकाळी मेणबत्ती लावून आम्ही तिघं बसलो. बाबा शील सांगतात, आम्ही मागून म्हणतो. पहिलं झालं, दुसरं झालं. नवऱ्याचा आवाज निघत नव्हता. तिसरं झाल्यावर बाबा थांबले. डोळे मिटलेलेच होते.

"पुढचे दोन मी एकटाच म्हणतो," ते म्हणाले. "तुम्ही राहू द्या."

आणि त्यांनी ती म्हटली, रोजच्याच आवाजात, रोजच्याच संथपणे. आम्ही दोघं हात जोडून नुसते ऐकत बसलो.