धुतलेला पिंजरा

आमचा नर ससा सकाळी मेला. मादी अजून खात होती. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं, "तिला वाचवायचं असेल तर पिंजरा आजच धुवा. आतलं जुनं काहीच ठेवू नका."

आई म्हणाली, "मूठभर गवत ऱ्हाऊ दे रे. तिला त्याचा वास तरी येईल."

"न्हाई आई. त्याच वासात रोग हाय."

पिंजऱ्याच्या तळाशी बाबांची उरलेली पत्रकं अंथरलेली होती. शहराला रोज पाणी मिळालंच पाहिजे, असं त्यांवर ठळक छापलं होतं. मी त्यांवरच वाचायला शिकलो. बाबा गेले, मागणी तशीच राहिली. गवतासकट ती पत्रकं मी जाळली.

फळ्या साबणानं घासल्या, मग ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी फिरवून थोडा वेळ राहू दिलं. आता ते पूर्ण धुऊन काढायचं होतं, नाहीतर त्या उग्र वासानं मादीच गुदमरली असती. नळाला आठवडाभर पाणी नव्हतं. आईनं पिण्याचा हंडा आणला.

"मंग आपण काय प्यायचं?"

"आपण शेजारी मागू. ती कुणाला मागंल?"

हक्काचं पाणी आणि तेही मागून! रागारागानं मी अख्खा हंडा फळ्यांवर ओतला.

पिंजरा उन्हात कडक वाळवून संध्याकाळी मादीला आत सोडलं. ती थेट नराच्या कोपऱ्यात गेली, कोरडी फळी हुंगत राहिली, नखांनी खरवडत राहिली. अंधार पडल्यावर तिनं मेथीची एक काडी ओढली.

तेव्हा आई उठली आणि रिकामा हंडा घेऊन शेजारी गेली.