दुरुस्तीला न आलेला पंप

दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी देवळाली प्रवऱ्याला शिक्षक होतो. शाळेतून परतताना पंपदुरुस्तीच्या दुकानात एक टोपीवाले गृहस्थ रोज दिसत. त्यांचा स्वतःचा पंप तिथे कधीच नसे, तरी ते खोललेल्या प्रत्येक पंपावरचं कंपनीचं नाव बोटाने धूळ पुसून वाचत आणि समाधानाने मान हलवत.

त्यांच्याकडे एका पंप कंपनीचे शेअर होते. माझ्याकडेही तेच होते आणि पेपरात भाव रोज उतरत होता.

"विकून टाकू का?" मी विचारलं.

"गुरुजी, पेपरात काय बघताय? हितं बघा. आपल्या कंपनीचा पंप वर्सात एकदाबी दुरुस्तीला आला न्हाई. माल लई चोख हाय. म्या तर आनखी घेतले."

मला ते पटलं. तेवढ्यात मेकॅनिक हसला.

"त्या कंपनीचा पंप आपल्या भागात कुनी घेतलाच न्हाई, मग येनार कुठून?"

मी गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"म्हंजी गिऱ्हाईक समदं अजून बाकीच हाय," ते शांतपणे म्हणाले.

घरी येऊन मी ट्रंकेतून शेअरचे कागद विकायला काढले, परत ठेवले आणि पुन्हा काढले.