नाल्याकाठची जागा
माझ्या भाचीला जुन्या कबरींचं भारी वेड. दिवाळीला पुण्याहून आली की पोट्टी घरात टिकतच नाही. "आत्या, चल ना, जुनं काहीतरी दाखव!" आता आम्ही काय इथं ताजमहाल बांधून ठेवलाय? पण मी निघते. मंगरूळपीरचा दर्गा झाला, रिसोडकडची पडकी देवळं झाली. यंदा उरल्या होत्या आमच्या गावामागच्या गोऱ्या साहेबांच्या कबरी. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा बाप, तोही सोबत आला.

वाळलेलं तरोट्याचं रान बाजूला सारून पोरीनं एक दगड ओढणीनं पुसला. इंग्रजी वाचून मला सांगू लागली. कुण्या साहेबाची मुलगी, महिन्याचीही झाली नव्हती. तिचं नाव, तिच्या आईचं नाव, सगळं कोरलेलं. "किती गोड नाव आहे ना, आत्या!"

माझं डोकंच फिरलं. कुठल्या मुलखातली ती बाई, तिच्या लेकराला दगड आहे, नाव आहे. अन् माझ्या?

माझी पहिली मुलगी बारशाच्या आधीच गेली. आमच्यात एवढ्या तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीचे काटे टाकतात. ना दगड, ना नाव. आईला तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. नवरा बाहेरगावी होता, म्हणून भावानंच तिला हातावर नाल्याकाठी नेलं. तेव्हा तो कॉलेजात होता, मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. माझं सासर-माहेर एकाच गावात. त्या नाल्यावरून जन्मभर शेतात गेले, पण नेमकी जागा कुठली हे त्याला विचारायचा धीर झाला नाही. त्यानंही कधी विषय काढला नाही.

त्या दिवशी विचारलं. "माही पोरगी कुठं ठेवली तू? दाखव मले."

"आता काहून, बाई?"

"मी मेल्यावर दाखवशील काय? चाल!"

पोरगी फोटो काढत मागं राहिली. आम्ही दोघं खाली उतरलो. जेसीबी लावून नाला दुप्पट रुंद केलेला, काठावर मातीचे ढीग, बाभूळ औषधालाही नाही. भाऊ काठावरच्या विहिरीपासून चालत आला, परत गेला, पुन्हा आला. "इथंच होती वं बाभूळ. इथंच कुठंतरी." मग मटकन खाली बसला. "सापडून नाही राह्यली, बाई."

"एवढंसं लेकरू होतं रे! त्याची जागा तुले ध्यानात ठेवता आली नाही?" मी ओरडले, अन् ओरडता ओरडता रडायलाच लागले. कितीतरी वर्षांचं साचलेलं होतं, आवरेना.

तोही रडत होता. "अशीच नाही ठेवली मी तिले. कानात नाव सांगितलं होतं. बिनानावाची कशी जाऊ देऊ?"

"कोणतं नाव?"

त्यानं सांगितलं.

ते त्याच्या पोरीचं नाव होतं. बारशाला आत्या म्हणून मीच ते तिच्या कानात सांगितलं होतं. काय ठेवायचं, हे त्यानं आदल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं. नवी साडी नेसून किती मिरवले होते मी! तेव्हापासून तेच नाव घेऊन तिला जेवायला बोलावलं, रागावले, लाडानं जवळ घेतलं.

"आत्या, कुठे आहात तुम्ही?" पोरगी वरून ओरडत होती.

"बोलाव तिले," भाऊ म्हणाला.

मग त्या उकरलेल्या मातीकडं बघत मी ते नाव घेऊन मोठ्यानं हाक मारली. हाक मी दोघींना मारली होती. "आले, आत्या," म्हणत एकच धावत आली.