पहिल्या नंबरच्या रांगोळीतली एक ओळ

मंडळी, आज आमच्या श्रीरामपूरच्या कॉलेजात 'लेक वाचवा' रांगोळी स्पर्धा होती. परीक्षक मी. पहिला नंबर सायलीला दिला. तिच्या रांगोळीखाली ठळक लिहिलं होतं, 'गर्भपात म्हणजे खून.'

झाडलोट करणाऱ्या शांतामावशी ते वाचून तिथंच थांबल्या. "पोरी, माझा जीव वाचवायला डाक्टरनं गर्भ काढला हुता. मी खुनी हाय का गं?"

सायलीनं तळव्यानं ती ओळ पुसून टाकली. "चुकलं माझं, मावशी. काय लिहू?"

"पोरगी हाय म्हणून पाडू नका, एवढंच लिव्ह. बाकीचं जिच्या पोटात गर्भ हाय त्या बाईला इचारा."

सायलीनं दोन्ही वाक्यं लिहिली. नंबर पहिलाच राहिला.

पण ती जुनी ओळ वाचून मीच मघाशी मान डोलावली होती. तुम्हीही डोलावली असती का?