पायाशी उजेड

गाडीत पाय ठेवतो त्या जागेत, डॅशबोर्डच्या खाली, एलईडीची पट्टी लावायची तर काय काय उघडावं लागतं, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर मी घरातला बल्बसुद्धा बदलला नव्हता. बदलू दिला नव्हता, असं म्हणायला हवं.

माझे यजमान बनारसच्या रेल्वे कारखान्यात विजेच्या कामावर होते. भुसावळहून बदली होऊन आले आणि इथेच राहिले. मी दुर्गाघाटावरची. माझे वडील महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धार्मिक कृत्यं करायचे, त्यामुळे मराठी आमच्या घरापुरती आणि बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मी 'बत्ती' म्हणायचे, हे 'दिवा' म्हणायचे. मी 'तार जोडून दे' म्हटलं तरी ह्यांना माझं मराठी कच्चं वाटायचं आणि विजेचं ज्ञान त्याहून कच्चं. इस्त्रीची वायर सैल झाली, पंखा करकरला, तरी ह्यांचं एकच वाक्य असायचं, "हात लावू नकोस, मी आल्यावर बघतो." आणि आल्यावर खरंच बघायचे. जेवणाआधी बघायचे. अडतीस वर्षं मी कशाला हात लावला नाही.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. डॉक्टर पार्किन्सन्स म्हणाले, माझी आई असती तर कंपवात म्हणाली असती. आधी हात, मग अक्षर बारीक होत गेलं, मग आवाज. कारखान्याच्या आवाजावर चढून बोलणारा माणूस, त्याचं बोलणं ऐकायला जवळ जाऊन कान द्यावा लागायचा. ह्यांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा मी शिकले. आम्ही तेव्हा सुंदरपूरला राहत होतो, तिथे दारापर्यंत गाडी येते. ह्यांना आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी लंकेवर, विद्यापीठाजवळच्या चौकात, न्यायचं असे, आणि रोज कोणाला विनवायचं?

मग पाय चिकटायला लागले. तो प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगणं अवघड आहे. माणूस चालता चालता थांबतो. पायांत ताकद असते, दुखत काही नसतं, पण पाऊल उचललं जात नाही, जणू कोणी तळवे जमिनीला चिकटवले आहेत. उंबरठ्यापाशी, दारात, अरुंद जागेत हे जास्त होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा आणि त्यांना म्हणावं, पट्टी ओलांडा. मी खोलीपासून न्हाणीघरापर्यंत पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या आणि ती युक्ती खरोखर चालली. जो माणूस दारात पाच-पाच मिनिटं उभा राहायचा, तो पट्टी पाहून लहान मुलासारखा पाय उंच उचलून पलीकडे टाकायचा. गाडीतल्या काळ्या चटईवरही मी तशीच एक पट्टी चिकटवली. दिवसा ती उपयोगी पडायची. पण ह्यांचा व्यायाम संध्याकाळी सहाला संपायचा, आणि थंडीत तोवर काळोख होतो.

डिसेंबरातली ती संध्याकाळ मला विसरता येत नाही. लंकेवर गाड्या, ई-रिक्षा, भाजीचे ठेले, सगळं एकमेकांत अडकलेलं. मी दार उघडून धरलं होतं. ह्यांनी एक हात छताला लावला, एक दाराला, आणि थांबले. आत काळंकुट्ट. छतातला दिवा लागला होता, पण ह्यांच्याच अंगाची सावली खाली पडली होती. मी म्हणत होते, "पट्टी ओलांडा, पट्टी आहे तिथे." मागे हॉर्न वाजायला लागले. एक ई-रिक्षावाला बाजूने जाता जाता मागे बसलेल्या सवारीला म्हणाला, "बाबा ने शाम होते ही चढ़ा ली है." सवारी हसली.

ह्यांनी जन्मात कधी दारू घेतली नव्हती. पण त्याचं उत्तर द्यायला आवाज हवा होता, आणि तो नव्हता. शेवटी मी खाली बसून ह्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. घरी आल्यावर म्हणाले, "आता मला कुठे नेऊ नकोस."

आठ-दहा दिवस तसेच गेले. मी समजावलं, रागावले, बंगळुरूच्या मुलाकडून फोन करवला. हे ऐकेनात. मग एका सकाळी चहा पिताना ह्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"मला तिथे पट्टी दिसत नाही," ह्यांनी सांगितलं. "उजेड वरून येतो. खालून यायला हवा."

कारखान्यात एखाद्या इंजिनातला दोष सापडला की हे असेच, कुठलीही प्रस्तावना न करता सांगत असणार. मी म्हटलं, एखाद्या मेकॅनिकला बोलावते. ह्यांनी मान हलवली. मेकॅनिक कुठूनही तार ओढतो, मग उंदीर लागल्यासारखी वायरिंग जळते, असं काहीसं म्हणाले. म्हणून मी म्हटलं, "मग मी लावते. तुम्ही सांगा."

हे माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्या आजारात चेहऱ्यावर फारसं काही उमटत नाही, त्यामुळे मला अजूनही कळलेलं नाही की ते काय होतं.

मलदहियाला गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. मी ह्यांनी सांगितलेली यादी घेऊन गेले. दुकानदाराने निळे, लाल, गाण्याच्या ठेक्यावर रंग बदलणारे, रिमोटवाले, असे सगळे दाखवले. त्याला वाटलं नातवासाठी घेते आहे. मी साधा पांढरा मागितला तेव्हा त्याने जरा नाराजीनंच तो शोधून काढला.

रविवारी दुपारी गाडी अंगणात उन्हात लावली. हे शाल पांघरून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, मी सलवार-कुर्ता घालून, केस ओढणीत बांधून, डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून उताणी पडले. पहिली अडचण ही, की आतून मला ह्यांचं काहीच ऐकू यायचं नाही. दर वेळी सरपटत बाहेर यायचं, कान द्यायचा, परत आत जायचं. तिसऱ्या खेपेला माझी कंबर धरली. तेव्हा आम्ही ठरवलं की मी आतून विचारायचं आणि ह्यांनी काठी आपटायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"ही लाल घेऊ?" दोनदा. "मग पिवळी?" एकदा.

ह्यांची योजना अशी होती की छतातल्या दिव्याला जो प्रवाह जातो त्यातूनच फाटा काढायचा, म्हणजे दार उघडलं की खालचा दिवा आपोआप लागेल आणि बंद केलं की विझेल. फ्यूजच्या पेटीत नेमका तो फ्यूज सापडायला हवा होता. त्यासाठी ह्यांच्या जुन्या पेटीत एक टेस्ट लॅम्प होता. एक टोक लोखंडाला अडकवायचं, दुसऱ्या टोकाची सुई फ्यूजला टेकवायची, वीज असेल तर लॅम्प लागतो. ह्यांनी तो माझ्या हातात दिला नाही. खुर्ची दाराशी ओढायला सांगितली, स्वतः वाकले आणि सुई फ्यूजला टेकवली.

लॅम्प लागला आणि विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. मी आतून म्हटलं, "अहो, कनेक्शन सैल आहे वाटतं, लुकलुकतंय."

काठी वाजली नाही. मी मान वळवून बघितलं. तार घट्ट होती. ह्यांचा हात हलत होता, आणि त्या हलण्याबरोबर सुई टेकत होती, सुटत होती. हेही तेच बघत होते. मला ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं. मग ह्यांनी लॅम्प माझ्यापुढे धरला.

"तू धर," म्हणाले. "तुला पहिल्यापासूनच शिकवायला हवं होतं."

त्या क्षणी बोलले असते तर अडतीस वर्षांचं काहीतरी बोलले असते. मी सुई टेकवली आणि लॅम्प स्थिर लागला.

काम तीन दिवस चाललं. एलईडीची पट्टी उलटी जोडली म्हणून आधी लागलीच नाही. मग चिकटवली ती रात्रीत गळून पडली, कारण मी प्लास्टिक नीट पुसलं नव्हतं. हे चिडले, मीही चिडले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा आपापल्या जागी होतो. खरं सांगायचं तर मला ते दिवस संपू नयेत असं वाटत होतं. आजारपणात आमच्यात औषधं, जेवण, शौचाला झालं की नाही, याखेरीज बोलणंच उरलं नव्हतं. त्या तीन दिवसांत हे मला नुसतं काम सांगत होते, आणि मी त्यांची काळजी घेत नव्हते, त्यांच्या हाताखाली काम करत होते.

तिसऱ्या दिवशी अंधारायला लागल्यावर मी दार उघडलं. खाली पांढरा उजेड पडला, त्यात काळी चटई आणि तिच्यावरची पिवळी पट्टी. ह्यांनी छताला हात लावला, खाली पाहिलं, आणि पाय उचलून आत ठेवला. एकदाच. मग दुसरा. सीटवर टेकून समोर बघत म्हणाले, "चल, कुठेतरी."

कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. मी मैदागिनपर्यंत गाडी नेली, त्यापुढे गल्ल्यांत गाडी जात नाही. दुर्गाघाटाच्या घरी माझी वहिनी एकटी असते. तिला फोन केला तर ती थरमासमध्ये चहा घेऊन चालत आली, मागच्या सीटवर बसली आणि आम्ही तिघांनी गाडीतच तो प्यायला. त्यानंतर मार्चपर्यंत आम्ही किती फिरलो. व्यायामाला गेलो, एका लग्नाला गेलो, उगाच हायवेवर जाऊन आलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की युक्त्या काही काळच चालतात. मला ते माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं.

जूनमध्ये हे घरात पडले. गाडीत नाही, अंधारात नाही. सकाळी दहा वाजता, लख्ख उजेडात, पिवळ्या पट्ट्यांवर. मी स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी वाटत होते. मिक्सर बंद केला तेव्हा मला शांतता जरा जास्त वाटली आणि मी बाहेर आले. हे जमिनीवर एका कुशीवर होते, डोळे उघडे. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाटेशी बसले होते. ह्यांचे ओठ हलले म्हणून मी कान नेला.

"मी हाक मारली होती," हे म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, "दोनदा."

त्यात तक्रार नव्हती. विचारलेली माहिती सांगावी तसं सांगितलं, आणि डोळे मिटले. मी त्यांचा हात धरून बसले. मिक्सर चालू होता, हे मला सांगता आलं नाही. तो विषय पुन्हा निघाला नाही. हे पुन्हा उभेच राहिले नाहीत. पावसाळाभर अंथरुणात होते, मग छातीत कफ साठला, आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी गेले.

दहाव्याचे विधी दुर्गाघाटावर करायचे ठरले. मुलगा बंगळुरूहून आला होता, तोच गाडी चालवणार होता. महिन्या-दोन महिन्यांत गाडी कोणी उघडली नव्हती. पहाटे निघताना मी ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं, खाली उजेड पडला, आणि तो चकित झाला.

"आई, ये लाइट कब लगवाई? बाबांनी लावली?"

"मी लावली," म्हटलं. "त्यांनी सांगितलं तशी."

त्याला ते खरं वाटेना. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. लंकेवरची ती संध्याकाळ, काठी, टेस्ट लॅम्प. तो मधूनमधून हसला, एकदा त्याने डोळे पुसले. मैदागिनला गाडी लावली तेव्हा उजाडायला लागलं होतं. इंजिन बंद झालं, आणि उतरायच्या आधी मी त्याला तेही सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनी दोनदा हाक मारली होती, आणि मी आले नव्हते.

त्याने किल्ली काढून खिशात टाकली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "तुला ऐकूच आलं नसणार, आई."

त्याला वाटलं, त्याने माझं समाधान केलं. मला तर तेच कबूल करायचं होतं, की मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली, विधीच्या सामानाची पिशवी घेतली आणि आम्ही दोघं गल्लीत शिरलो.