टेपचं दुसरं टोक

अशा सदरांतले अनुभव मी आवडीने वाचतो आणि मनातल्या मनात बहुतेकांना नापास करतो. सवय आहे ती. मी ओव्हरसियर होतो. तीस-बत्तीस वर्षं इमारतींची मोजमापं घेतली. टेप लावून जे मोजता येत नाही ते नसतंच, अशी माझी सरळ समजूत होती... आणि खरं सांगतो, आजही बरीचशी तशीच आहे. फक्त एक मोजमाप मला अजून लागलेलं नाही. ते तुमच्यासमोर ठेवतो. कुणाला काही सुचलं तर बघा.

गोष्ट १९७५-७६ च्या सुमाराची. रामदासपेठेत एका खासगी कन्सल्टिंग इंजिनियरच्या ऑफिसात मी लागून तीनेक वर्षं झाली होती. काटोल रोडच्या बाजूला तेव्हा एका ट्रस्टची करमणुकीची बाग होती. आकाशपाळणा, छोटी आगगाडी, बोटिंगचं तळं आणि एक आरसेघर. लहानपणी मी स्वतः त्या आरशांत जाडा-बारीक होऊन आलेलो. पण आता बाग जुनी झाली होती. आरसेघर तर चार-पाच वर्षं बंदच होतं. ते पाडायचं की दुसऱ्या कामाला वापरायचं, यावर ट्रस्टमध्ये दोन तट पडलेले. मॅनेजर देशकर म्हणायचे, "भिंती चांगल्या आहेत, आतले आडोसे काढा आणि पोरांसाठी वाचनालय करा." ठेकेदाराचं म्हणणं, भिंतीत दम नाही, पाडून नवीन बांधा. ठेकेदाराला नवीन बांधण्यातच रस असणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. निर्णय आमच्या रिपोर्टवर होता, आणि रिपोर्ट मी करणार होतो.

सोबत आमच्या ऑफिसचा खलाशी, म्हणजे टेपचं दुसरं टोक धरणारा माणूस — डोमाजी. उमरेडच्या कोष्ट्याच्या घरातला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. मागावर बसून लहानाचा मोठा झालेला. त्याने टेप धरली की ती सुतासारखी सरळ. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. म्हणजे, त्या आठवड्यापर्यंत होता. कामाच्या दोन दिवस आधी बागेच्या फाटकाशी ठेकेदार आणि तो बोलत उभे असलेले मला दिसले. ठेकेदाराने त्याला बिडी दिली, स्वतः पेटवूनही दिली. मी विचारलं तर डोमाजी म्हणाला, "काही नाही साहेब, घरचं विचारून राहिला होता." ठेकेदार खलाशाच्या घरचं कशाला विचारेल? ते माझ्या डोक्यात राहिलं.

मे महिना, दुपारचे अडीच-तीन. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आरसेघरात मात्र अंधार, कारण झरोके फळ्यांनी ठोकून टाकलेले. इमारत साधी. बाहेरून रुंदी बरोबर तेहतीस फूट, ती आम्ही सकाळीच मोजली होती. आत विटांचे आडोसे घालून नागमोडी वाट केलेली. आरसे कधीच काढून नेलेले, पण त्यांच्या लाकडी चौकटी भिंतीतून पुढे आलेल्या होत्या. दार एकच. त्या वाटेचा शेवटचा पट्टा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ जायचा. बाहेरून तेहतीस, दोन्हीकडच्या भिंती नऊ-नऊ इंच, म्हणजे आत साडेएकतीस यायला हवेत.

डोमाजीला मी झिरोचं टोक देऊन अलीकडच्या भिंतीशी, वळणावर उभं केलं आणि टेप सोडत पलीकडे गेलो. मधे चौकटी असल्यामुळे तो दिसत नव्हता. टॉर्च काढला.

"धरली का, डोमाजी?"

"धरली."

टेप ताणली गेली. मी टॉर्च मारून वाचलं. एकोणचाळीस फूट चार इंच.

मला वाटलं टेप कुठे अडकून वाकडी झाली असेल. झटकली, परत ताणली. एकोणचाळीस चार. "झिरो भिंतीला टेकवला आहे ना नीट?"

"टेकवला."

तिसऱ्यांदाही तेच. बाहेरून तेहतीस फुटांच्या इमारतीत आत एकोणचाळीस. आतला भाग कमी भरला असता तर एखादी चोरखोली समजून घेता आली असती. जास्त कसा भरेल? मी चिडून म्हणालो, "सोडा." टेप सुटली नाही. उलट तिकडून हलकीशी ओढली गेली — बोटभरच. मग सुटली आणि सरसर माझ्याकडे आली.

गुंडाळत वळणापर्यंत आलो. तिथे कोणी नव्हतं. दाराबाहेर आलो तर डोमाजी समोर चहाच्या टपरीवर, कडुनिंबाखाली बसलेला. हातात कप.

"कधी आले इथे?"

"बराच वेळ झाला साहेब."

टपरीवाला म्हणाला, "दूसरा कप है इनका."

मी डोमाजीला बाजूला घेतलं. "मी आत टेप धरून उभा आणि तुम्ही चहा पिता?"

तो गोंधळला. "तुमीच तं म्हटलं ना साहेब. जा, चहा पिऊन या, बाकीचं मी पाहतो म्हनून."

"मी म्हटलं?"

"हो. मी काहून खोटं बोलू?"

आता तुम्हीच सांगा, त्या जागी तुम्ही काय समजला असता? माझं गणित दोन मिनिटांत सुटलं. ठेकेदाराने याला फितवलं. आत आधीच कोणी माणूस लपवला, डोमाजीने टेप त्याच्या हाती दिली आणि मोजमापात घोळ घातला. माझा रिपोर्ट चुकीचा ठरला की ठेकेदाराचं काम सोपं. आत जाऊन मी कोपरान् कोपरा शोधला. माणूस सापडला नाही. धुळीत पावलं होती ती माझ्या बुटांची आणि डोमाजीच्या वहाणांची, तिसऱ्या कुणाचीच नव्हती. ते मी पाहिलं, आणि सोडून दिलं. मनात एकदा नाव ठरलं की माणूस पुरावे सोयीने बघतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या दुसऱ्या मुलाला नेऊन तोच पट्टा मोजला. साडेएकतीस. तीन वेळा मोजला, साडेएकतीसच. माझ्या दृष्टीने डोमाजीचा गुन्हा तिथेच सिद्ध झाला. मी आमच्या ऑफिसच्या साहेबांना लेखी दिलं. डोमाजीला बोलावलं, तो एवढंच म्हणाला, "मी चहा प्यायले गेलो तं या साहेबाच्याच सांगन्यावरून." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. त्याच आठवड्यात त्याला काढून टाकलं. जाताना तो माझ्या टेबलाशी आला, टेपची चामडी डबी पुसून ठेवली आणि गेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

भिंती खरंच चांगल्या होत्या. रिपोर्ट मी वाचनालयाच्या बाजूने दिला. आडोसे पाडले, नव्या खिडक्या काढल्या, चुना दिला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे पोरं जमिनीवर बसून वाचायला लागली. ठेकेदाराने नाक मुरडलं. मला मात्र स्वतःचा अभिमान वाटला.

आठ-नऊ वर्षांनी धंतोलीच्या एका दवाखान्यात मोठ्या भावाला बघायला गेलो होतो. व्हरांड्यातल्या बाकावर डोमाजी. केस पांढरे झालेले, बायकोला घेऊन उमरेडहून सकाळच्या एसटीने आलेला. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यानेच सरकून जागा केली. परत मागावर बसतो म्हणाला, पोरगा कोळशाच्या खाणीत लागला. राग दिसला नाही. तेच मला जास्त लागलं.

शेवटी मीच विषय काढला. "डोमाजी, आता तरी सांगा. त्या दिवशी आत कोण होतं?"

"तुमी होते."

"मी पलीकडच्या टोकाला होतो."

"ते मले काय ठाऊक? मी वळनावर उभा होतो. तुमी मागून आले, माह्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, जा, चहा पिऊन या. टेप माह्या हातातून घेतली अन् तुमीच धरून उभे राहिले."

"आणि ठेकेदार? तो फाटकाशी काय विचारत होता?"

"त्याले पोरीच्या लग्नातले लुगडे पाह्यजे होते. आमच्या मागावरचे."

मग तोच म्हणाला, "एक गोष्ट तेव्हा सांगितली नाही. मलेच येड्यात काढलं असतं. तुमच्या शर्टाचा खिसा उजवीकडे होता. पेनबी तिकडेच. मले वाटलं, नवीन फॅशन असन."

तसला शर्ट मी कधी शिवला नाही. घरी आल्यावर बायकोलाही विचारलं, तीही नाही म्हणाली. आरशासमोर उभं राहिलं की खिसा उजवीकडे दिसतो, एवढं मला कळतं. पण आरसे तर केव्हाच काढले होते. आणि आतून "धरली", "टेकवला" म्हणणारा आवाज... मी तो डोमाजीचा समजलो, कारण तिकडे डोमाजीच असणार होता. आपलाच आवाज बाहेरून आला तर माणसाला ओळखता येतो का, मला माहीत नाही.

त्याची मी माफी मागितली. तो "राहू द्या" म्हणाला. मग त्याने विचारलं, "ते घर पाडलं का ठेवलं?"

"ठेवलं. पोरांचं वाचनालय केलं."

"पाडाले पाह्यजे होतं, साहेब," तो एवढंच म्हणाला.

त्यानंतर मी दोनदा त्या वाचनालयात जाऊन आलो, भर दुपारी, टेप घेऊन. साडेएकतीस. पोरं हसत होती माझ्याकडे बघून. काही वावगं दिसलं नाही, कुणाची तक्रार ऐकली नाही. सगळ्याचा अर्थ काय, ते मला आजही सांगता येत नाही. भास म्हणावा तर दोघांना कसा झाला, आणि लबाडी म्हणावी तर ज्याने नोकरी गमावली त्याने ती कशासाठी करावी?

एक मात्र सांगायचं राहिलं. दवाखान्यात आम्ही अर्धा तास बोलत बसलो होतो. त्या अर्ध्या तासात डोमाजी अधूनमधून, मला कळू नये अशा बेताने, माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत होता.